वखारीचा हिशेब कोणाच्या हाती?

निपाणीचे नाव निघाले की बोलणे सीमाप्रश्नाकडे वळते, आणि ते साहजिकही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि २००४ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्यात निपाणी कोणाची हा प्रश्न दोन सरकारांमधला होऊन बसला. गावाच्या पोटापाण्याच्या बाजूने पाहिले तर त्याहून जुना एक प्रश्न दिसतो: इथल्या बाजारात शेवटचा शब्द कोणाचा? भाव कोण सांगतो, वजन कोण करतो, मजुरी कोण कापतो? या प्रश्नाला निपाणीने दिलेले सगळ्यात ठोस उत्तर ना देसायांच्या वाड्यातून आले, ना विधिमंडळातून. ज्यांच्याकडे जमीन नव्हती किंवा असली तरी पुरेशी नव्हती, अशा माणसांनी ते दिले. सीमाभागातल्या स्थानिक आर्थिक नेतृत्वाचा इतिहास लिहायचा तर तो इथून लिहावा लागेल.

वेदगंगा-दूधगंगेच्या पट्ट्यात, चिकोडी, हुक्केरी, कागल, गडहिंग्लज या तालुक्यांत बिडीची तंबाखू पिकायची आणि निपाणीच्या वखारीत उतरायची. माल एकदा वखारीच्या दारात आला की प्रत ठरवणार व्यापारी, काट्यावर उभा राहणार त्याचाच माणूस, आणि पैसे मिळणार त्याच्या सवडीने. वर्षाचे एकच नगदी पीक हातात घेऊन आलेला शेतकरी गाडी माघारी नेणार कुठे? १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. त्याबरोबर पिकाची नोंद, साठवणीचे परवाने आणि तपासनीस आले, आणि परवाना बाळगणाऱ्याची पकड आणखी घट्ट झाली. १९७९ मध्ये कच्च्या तंबाखूवरचा कर गेला, तरी पकड सुटली नाही. १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ स्थापन झाले आणि पुढे कर्नाटकात मंडळाचे लिलाव सुरू झाले, पण ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. म्हैसूरकडच्या शेतकऱ्याला उघडा लिलाव मिळाला. निपाणीच्या बिडी-तंबाखूचा सौदा मात्र खासगीतच राहिला.

वखारीच्या आत दुसरा हिशेब चाले, आणि तो बायकांच्या अंगावर निघत असे. तंबाखू कुटायची, चाळायची, कांड्या वेगळ्या काढायच्या. पदर नाकातोंडाला घट्ट बांधला तरी धूळ छातीत उतरायचीच. घरी बिडी वळणाऱ्या बाईचा हिशेब हजारावर. कारखानदार किंवा त्याचा ठेकेदार पाने आणि तंबाखू मोजून देणार. पाने फाटकी निघाली तर तूट तिची. वळून आणलेल्या बिड्यांतून नापसंत बिड्या बाजूला निघत, त्यांना छाट म्हणत. छाटीची मजुरी नाही, आणि छाट परतही नाही. म्हणजे माल मालकाचा झाला आणि श्रम फुकट गेले. देशभरच्या बिडी धंद्यातली ही रीत इतकी मुरलेली होती की १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याला कच्चा माल आणि छाट यांवरच्या वादांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. कायदा दिल्लीत झाला, पण तो वखारीच्या दारापर्यंत कोणी आणायचा हा प्रश्न उरलाच.

तो आणणारी माणसे एकाएकी उगवली नाहीत. या भागात दुसऱ्याने नेमलेला नव्हे, आपल्यातून आलेला पुढारी हवा, ही कल्पना १९२० पासून रुजत होती. त्या वर्षी मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, अशा आशयाचे बोल शाहू महाराजांनी तिथे काढले. एप्रिल १९२५ मध्ये खुद्द निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन झाले, तेही आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखाली. या मुशीतून घडलेले निपाणीचे बळवंतराव वराळे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. ज्या पक्षाच्या नावातच मजूर होता त्याचा आमदार या तंबाखूच्या पट्ट्यातून जावा, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. जातीचा आणि मजुरीचा हिशेब इथे एकाच वहीत लिहिलेला होता.

सत्तरचे दशक संपता संपता देवचंद महाविद्यालयातले प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला, आणि वखारीतल्या बायका त्याचा कणा झाल्या. मागण्या साध्या होत्या: कामाचे तास ठरवा, किमान वेतन द्या, रजा द्या, मुकादमाची अरेरावी थांबवा. साध्या असल्या तरी त्यांनी वखारीची व्यवस्था मुळापासून हलवली, कारण पहिल्यांदाच मजुरीचा आकडा कापणाऱ्याला तो समोर मांडून दाखवावा लागला. १९८२ मध्ये युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने याच बायकांना बरोबर घेऊन माहितीपट केला. छाया दातार यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या लढ्याची नोंद केली.

दरम्यान १९८१ आले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. मार्चमध्ये सुरू झालेले हे आंदोलन ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबाराने मोडले गेले. बारा शेतकरी त्यात गेले. या घटनेची चर्चा बहुधा शेतीमालाच्या भावाच्या अंगाने होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते: वखारीतल्या बायकांची संघटना शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. सर्वसाधारण तर्काने शेतकरी आणि मजूर यांचे हित आडवे येते. इथे मात्र दोघांचा हिशेब करणारी गादी एकच होती. आणि तंबाखू पिकवणारी गावे सरहद्दीच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे हा लढा कन्नड-मराठी रेषेवर बसवताच येत नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की हे स्थानिक नेतृत्व कसले? एक जोशी महाविद्यालयातले प्राध्यापक, दुसरे चाकणकडून आलेले. आक्षेपात तथ्य आहे. व्यासपीठावर बोलणारे शिकलेले पुरुष होते आणि वखारीत खोकणाऱ्या बायकांची नावे वर्तमानपत्रांत फारशी आली नाहीत. पण नेतृत्वाची कसोटी भाषण कोणी केले एवढीच नसते. रोजंदारी बुडवून वखारीबाहेर कोण बसले, मुकादमाने एकटीला बोलावल्यावर कोण गेले नाही, संघटनेची पावती कोणी फाडली, हेही विचारावे लागते. बाहेरून आलेला माणूस शब्द देतो. ते शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीच्या दारात टिकवणारी माणसे गावचीच असावी लागतात. आंबेडकरही निपाणीत पाहुणे होते. वराळे इथले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. संघटनेने मजुरी वाढवली, पण मालकी कुठे मिळवली? याच जिल्ह्यात सहकाराने कारखाने उभे केले. संकेश्वरच्या अप्पणगौडा पाटील यांच्या पुढाकाराची परंपरा घ्या: साखर कारखाना झाला, आणि १९६९ मध्ये हुक्केरीला वीजपुरवठ्याची सहकारी संस्था निघाली. गावोगावच्या विजेचा कारभार सभासदांच्या संस्थेने चालवणे ही देशात आजही दुर्मीळ गोष्ट आहे. निपाणीजवळ हालसिद्धनाथ कारखाना झाला, आणि पाणी आले तशी तंबाखूची रानेही उसाखाली जाऊ लागली. याच्यापुढे मजुरीचा लढा थिटा वाटतो हे कबूल. भांडवल हाती नसल्यामुळे धंदा आकसू लागला तेव्हा संघटनेला सावरायला काही उरले नाही. किमान वेतन प्रत्येक राज्य वेगळे ठरवते, त्यामुळे तासाभराच्या वाटेवर दोन दर असू शकतात, आणि ठेकेदाराला हद्द ओलांडणे मजुरापेक्षा नेहमीच सोपे जाते.

पण सहकाराचे सभासदत्व कशावर मिळते तेही पाहिले पाहिजे. साखर कारखान्यात भाग घ्यायला उसाची शेती लागते. चाळण धरणाऱ्या बाईकडे ती नव्हती. त्यामुळे कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत तिला जागा नव्हती. संघटनेच्या सभेत होती. दोन्ही वाटा खऱ्या, पण त्यांनी वेगवेगळ्या माणसांना आवाज दिला. भागधारकाचे नेतृत्व गावाचे उत्पन्न वाढवते. ते उत्पन्न कसे वाटले जावे याचा हिशेब मागायला शिकवते ते मजुराचे नेतृत्व. पहिले असून दुसरे नसेल तर कारखान्याचा संचालक गावचा असतो आणि ऊसतोड कामगार पूर्वीइतकाच परका राहतो.

तंबाखू हे पीक आरोग्याला घातक आहे, त्याचा धंदा आटला तर बरेच, असेही कोणी म्हणेल. बरेच आहे, पण धंदा चांगला की वाईट आणि त्यात राबणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उलट धंदा बदलताना हा हक्क जास्तच लागतो, कारण नव्या धंद्यात काटा पुन्हा कोणाच्या तरी हाती जातो. सीमाप्रश्नाचा निकाल उद्या कुठल्याही बाजूने लागला, तरी निपाणीच्या बाजारातला काटा आपोआप सरळ होणार नाही. तो सरळ करण्याची रीत मात्र या गावाला माहीत आहे, आणि ती दोन्ही राज्यांच्या मदतीची वाट न पाहता इथेच वापरली गेली आहे.