सोनखत ते वीज : कचऱ्याच्या हिशेबात आपले नाव कुठे?

कचऱ्यापासून वीज तयार करण्याच्या विषयावर जिल्ह्यात झालेल्या एका बैठकीला मी मागच्या वर्षी गेले होते. सोबत आमच्या वस्तीतल्या एक मावशी होत्या. वीस वर्षांपासून त्या भंगार वेचतात. पडद्यावर ‘हितधारक’ या मथळ्याखाली यादी झळकली : महानगरपालिका, कंत्राटदार कंपनी, बँक, वीज वितरण कंपनी, रहिवासी संघ, पर्यावरण संस्था. सर्वात खाली ‘असंघटित क्षेत्र’. मावशींना वाचता येत नाही, म्हणून मी हळू आवाजात वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "ते शेवटचं म्हंजी आमीच व्हय ताई?"

हो, आपणच. ही यादी त्या दिवशी तयार झालेली नाही. ती निदान दीडशे वर्षे जुनी आहे, आणि दर वेळी आपले नाव शेवटी का येते हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्या शहरात नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली. त्या काळी भुयारी गटारे नव्हती. संडास टोपलीचे होते आणि टोपली वाहणारी माणसे जातीने ठरलेली होती. दख्खनच्या शहरांतल्या नगरपालिकांना लवकरच कळले की ही घाण फेकून देण्यात तोटा आहे. मैला गावाबाहेर नेऊन, राख आणि झाडलोटीचा कचरा मिसळून, वाळवून विकला तर शेतकरी पैसे मोजतो. पुण्याजवळ मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला तो याच खतावर. मराठीत त्याला नाव पडले सोनखत. शब्द नीट ऐका. मैल्याला ‘सोने’ म्हणायला समाजाची हरकत नव्हती. नगरपालिकेला उत्पन्न मिळाले, बागायतदाराला पीक मिळाले. ते सोने डोक्यावरून वाहून नेणाऱ्या मेहतर बाईच्या वाट्याला मात्र ठरलेली पाळी, ठरलेली वस्ती आणि विटाळ आला. ‘कचऱ्यातून संपत्ती’ ही घोषणा आज नवी म्हणून विकली जाते. आपल्याकडे तिचा पहिला प्रयोग असा होता.

घाणीपासून ऊर्जा काढण्याचा प्रयोगही आपल्याच राज्यात फार लवकर झाला. मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता. १८९७ साली तिथल्या मैल्यापासून निघणारा गॅस उजेडासाठी वापरला गेला. योगायोग असा की त्याच वर्षी लंडनच्या शोरडिच भागात कचरा जाळून वीज करणारे केंद्र सुरू झाले. कचरा जाळण्याची पहिली मोठी भट्टी १८७४ साली इंग्लंडमध्येच नॉटिंगहॅमला उभी राहिली होती. तिकडे हा प्रश्न यंत्राचा आणि कोळशाच्या भावाचा होता. इकडे त्याला आणखी एक बाजू होती, ती म्हणजे भट्टीच्या किंवा टाकीच्या तोंडाशी उभे कोण राहणार. ते उत्तर जातीने आधीच देऊन ठेवलेले होते.

याचा सर्वात बोलका पुरावा तुरुंगातला आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्याला संडास सफाईचे काम द्यावे अशी मागणी केली. ते ब्राह्मण असल्यामुळे ते काम त्यांना मिळेना. त्यांनी अन्नत्याग सुरू केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही डिसेंबरमध्ये उपवास केला. म्हणजे एका ब्राह्मणाला मैला उचलण्यासाठी उपवास करावा लागत होता, आणि मेहतराला मैला न उचलण्याची मुभाच नव्हती. तुरुंगातली जातीनुसार कामवाटणी घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधली ब्याण्णव वर्षे मोजा.

अप्पासाहेबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पुढे देहूला डॉ. मापुसकरांनी संडास थेट गॅसच्या टाकीला जोडणारे ‘मलप्रभा’ संयंत्र रुजवले, ते तर मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात मधला माणसाचा हातच काढून टाकला आहे. पण गांधीवादाने एकीकडे सफाईच्या कामाला सेवेचे, पुण्याचे रूप दिले. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात यावर कठोर टीका केली. ज्याला हे काम सोडण्याचा अधिकारच नाही, त्याच्यापुढे त्या कामाचे गोडवे गाणे ही त्यांना क्रूर थट्टा वाटत होती. याच ग्रंथात त्यांनी यंत्राचीही बाजू घेतली आहे, हे आपल्यातले अनेक जण विसरतात. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माणसाला माणूस म्हणून जगायला फुरसत हवी आणि ती यंत्राशिवाय मिळणार नाही.

विजेबद्दल तर ते नुसते मत मांडून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांवरील धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट गरिबीशी जोडला : विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीच्या फेऱ्यातून सुटका नाही. वीजनिर्मिती सरकारच्या मालकीची असावी की खासगी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच उपस्थित केला. म्हणून कचऱ्यापासून वीज म्हटले की लगेच ‘विरोध’ असा फलक घेऊन उभे राहणे मला पटत नाही. यंत्र येऊ द्या. प्रश्न मालकीचा आहे आणि त्या यंत्राच्या तोंडाशी कोण उभे आहे याचा आहे.

आता यंत्राकडेच बघू. देशातला पहिला मोठा प्रयोग १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला झाला. डेन्मार्कचे तंत्र, रोज ३०० टन कचरा, ३.७५ मेगावॅट वीज असा बेत होता. चाचणीचे जेमतेम २१ दिवस तो चालला. भट्टीला लागणाऱ्या उष्मांकाच्या निम्माही दिल्लीच्या कचऱ्यात नव्हता. आपल्या कचऱ्यात भाजीची देठे, शिळे अन्न, नारळाच्या करवंट्या, रस्त्यावरची माती आणि बांधकामाचा चुरा असतो. ओले लाकूड चुलीत घातल्यावर काय होते हे आपल्या आयांना विचारा, त्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकल्पांच्या अनुदानाला लगाम घातला, २००७ मध्ये तो सैल केला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरीपेक्षा जास्त उष्मांकाचा आणि पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठी वापरावा असे सांगितले. पुण्यात हडपसरच्या रामटेकडीला रोज ७०० टन कचऱ्याचा प्रकल्प आला, पण तो पूर्ण क्षमतेने कधी चालला नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथील १४ मेगावॅटच्या प्रकल्पाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. नगरच्या बैठकांत आता उदाहरण त्याचेच दिले जाते.

आपल्या जिल्ह्याला टाकाऊतून वीज काढणे तसे नवीन नाही. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ जिल्हाभर कारखाने झाले. आज अनेक कारखाने बगॅस जाळून वाफ आणि वीज करतात, जास्तीची वीज विकतात. ते जमते, कारण बगॅस एकजात असतो, मिश्र नसतो, आणि तो कारखान्याच्या आवारातच तयार होतो. घरोघरचा कचरा तसा नाही. तो कुणीतरी हाताने वेगळा केल्याशिवाय भट्टीच्या लायकीचा होत नाही. (बगॅसच्या विजेतला किती पैसा पाथर्डीच्या ऊसतोड कामगारापर्यंत पोचतो हे विचारले की लोक विषय बदलतात. तो लेख पुन्हा कधीतरी.)

इथे खरी गाठ आहे. भट्टीला जळण म्हणून काय हवे? कोरडा कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या. आणि मावशींची चूल कशावर पेटते? त्याच कागद, पुठ्ठा, प्लास्टिकवर. दोघांचा डोळा एकाच मालावर आहे. ओला कचरा दोघांनाही नको. त्यामुळे कंपनीच्या करारात ‘रोज इतके टन कचरा पुरवू, नाहीतर दंड भरू’ असे कलम आले की पालिका मिश्र गाडी सरळ भट्टीकडे पाठवते आणि वेचकाला डेपोच्या फाटकावर अडवले जाते. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हे फार आधी ओळखले. १९९३ साली बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ही संघटना उभी राहिली, वेचक बायांना पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरोघर कचरा गोळा करायचा, सुका माल वेचकाचा. या बाया बहुतांश आपल्याच, मातंग आणि बौद्ध घरांतल्या.

आमच्या चळवळीत यावर एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला सुनावले, "ही कामे सोडा म्हणून बाबासाहेब सांगून गेले, आणि तुम्ही त्याच कामाच्या सोसायट्या काढता?" त्यांचे म्हणणे मला टोचते, कारण ते खरे आहे. मी मावशींना हेच विचारले तर त्या म्हणाल्या, "सोडते की. उद्याच्याला पोरांपुढं काय वाढू ते सांग." हेही खरे आहे. पालिकेत कायम असलेले सफाई कामगार तिसरेच बोलतात. लाड-पागे समितीच्या शिफारशीने मिळालेला वारसा हक्क त्यांना जपायचा आहे, कारण ठेकेदाराकडची नोकरी म्हणजे ना पगाराची हमी, ना हातमोजे. बापाचा झाडू मुलाला हक्काने मिळावा म्हणून मोर्चा काढावा लागतो. त्यांना दोष देण्याआधी त्यांच्यापुढे दुसरा कोणता दरवाजा उघडा ठेवला आहे ते दाखवा. बुरुडगावच्या ग्रामस्थांचा त्रास वेगळा. शहराचा कचरा आमच्या शिवारात का, या प्रश्नासाठी ते वर्षानुवर्षे भांडले, हरित लवादापर्यंत गेले. डेपो हटणार असेल तर त्यांना भट्टीही चालेल. सावेडीतल्या बंगलेवाल्याला कचरा नजरेआड झाला की पुरे.

ओल्या कचऱ्याचा गॅस करा, असा मध्यम मार्ग काही जण सुचवतात. तो मला भट्टीपेक्षा बरा वाटतो. पण टाकीत उतरणार कोण, हे करारात लिहा. १ जानेवारी २०१३ रोजी आपल्याच नेवासा तालुक्यात, सोनईला, मेहतर समाजाच्या तीन तरुण सफाई कामगारांना सेप्टिक टँकच्या कामाच्या निमित्ताने बोलावून मारण्यात आले. कारण प्रेमप्रकरणाचे होते, पण बोलावण्यासाठी निमित्त कोणते वापरले ते बघा. मेहतराला टाकीसाठी बोलावले तर तो येणारच, हे मारणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्याच तालुक्यात वाकडीला एप्रिल २०२४ मध्ये शेणकाला साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढायला एकामागून एक उतरलेले पाच जण गुदमरून गेले. तिथे जातीचा प्रश्न नव्हता. पण गॅस काय करतो ते जिल्ह्याने पाहिले आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ती बंदी गावोगावच्या ठेकेदाराला कुणी समजावून सांगितली आहे का?

म्हणून बैठकीत मी एवढेच मांडले की आधी घरातच ओला-सुका वेगळा होऊ द्या. सुक्या मालावर पहिला हक्क वेचकांच्या संस्थेचा असा ठराव करा, आणि त्यांनी घेऊन उरलेला, खरोखर निरुपयोगी भाग भट्टीला द्या. प्रकल्पातल्या यंत्रचालकाच्या, विजतंत्र्याच्या, हिशेबनिसाच्या जागांवर मेहतर, मातंग, बौद्ध पोरांना प्रशिक्षण देऊन घ्या. झाडूच्या जागा आमच्यासाठी आणि संगणकाच्या जागा दुसऱ्यांसाठी, असे आता चालणार नाही. सल्लागार साहेबांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, आकडेमोड मिश्र कचऱ्यावर केलेली आहे. प्लास्टिक काढून घेतले तर उष्मांक बसत नाही."

मावशींनी मला विचारले, साहेब काय म्हणाले. मी म्हटले, तुमच्या पोत्यातला माल काढून घेतल्याशिवाय त्यांची भट्टी पेटत नाही.

पुढची बैठक सकाळी अकराला ठेवली होती. ती माल निवडायची वेळ असते, तेव्हा वेचक बाया येऊ शकत नाहीत. वेळ दुपारी चारची करावी आणि आलेल्या प्रत्येकीचा बुडालेला रोज भरून द्यावा, असे पत्र आम्ही बाविसजणींच्या सह्या आणि अंगठ्यांनिशी दिले आहे.