नाणेघाट : दानाचा दगडी हिशेब

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना वैशाखरे हे गाव लागते. तेथून थोडे पुढे रानात शिरणारी एक पायवाट आहे. प्रथम ती सागाच्या झाडीतून सावकाश चढते, ओढे ओलांडते, आणि मग एकदम कड्याला भिडते. दोन्ही बाजूंना काळे कातळ, मध्ये अरुंद घळ व घळीत ओबडधोबड दगडी पायऱ्या. हाच नाणेघाट. वर पोहोचले की जुन्नर तालुक्यातील घाटघरचे पठार लागते. एका अंगाला जीवधन किल्ला व त्याचा वानरलिंगी सुळका, दुसऱ्या अंगाला नानाचा अंगठा, आणि पायाखाली सारे कोकण.

पावसाळ्यात या घळीची शोभा काही वेगळीच असते. कड्यावरून जागोजागी धारा कोसळतात व पायऱ्यांचाच ओढा होतो. माथ्यावरून खाली पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर फेकलेले येथे पाहावयास मिळते. समुद्राकडून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो व धारेला आपल्याबरोबर घेऊन येतो. यात चमत्कार काही नाही, पण पाहणारा भिजल्याशिवाय परत येत नाही. याच घाटमाथ्याच्या पूर्वेस पूर गावी कुकडेश्वराच्या देवळाजवळ कुकडी नदी उगम पावते. तिचे पाणी घोड, भीमा व कृष्णा यांच्यातून थेट बंगालच्या उपसागरास मिळते. कड्यावरून पश्चिमेस पडलेले पाणी मात्र अरबी समुद्रास जाते.

परंतु नाणेघाटाचे खरे मोल या धारांहून वेगळे आहे. सातवाहन राजांच्या काळी सोपारा व कल्याण या बंदरांतील माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला व पुढे पैठणला जात असे. वाटेच्या रखवालीसाठी पुढे जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले उभे राहिले. घाटाच्या वरच्या तोंडाशी आजही एक भला मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरेने सांगतात.

घळ माथ्यास भिडते तेथेच कातळात खोदलेले एक चौकोनी लेणे आहे. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हा लेख सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या वेळचा असून तो इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. प्रारंभी देवतांना नमन केले आहे. त्यांत इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल आहेत. इतक्या जुन्या काळी या भूमीत ही दैवते पूजिली जात होती, याचा याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

नमनानंतर राणीचे वर्णन येते. ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीप्रमाणे वागणारी होती. पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ व त्यांत दिलेली दक्षिणा यांची यादी आहे. ‘पुष्कळ दान केले’ असे मोघम कोठेही लिहिलेले नाही. एका यज्ञात गाई 1,700 व हत्ती 10, दुसऱ्यात गाई 11,000 व घोडे 1,000. शिवाय चांदीचे कलश 17, आणि एके ठिकाणी 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. एखाद्या काटेकोर कारकुनाने खतावणी लिहावी तसा हा मजकूर आहे.

या काटेकोरपणाचा लाभ पुढे साऱ्या जगाला झाला. 1828 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणे पाहिले व मग विद्वानांचे तिकडे लक्ष गेले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील आकड्यांचा अभ्यास केला आणि ब्यूलर यांनी 1883 साली लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. भारतीय आकड्यांचे जे अतिप्राचीन नमुने उपलब्ध आहेत, त्यांत या लेखाची गणना होते. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा आहेत. सातशे लिहिताना शंभराच्या खुणेला सात जोडलेला आहे. राणीने दानाचे आकडे कोरविले नसते, तर ही माहिती येथून मिळाली नसती.

मागील भिंतीवर राजघराण्यातील आठ व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व राजा सातकर्णी, महारठी आणि राजकुमार असा तो परिवार. पुतळे आता नाहीत, केवळ काही पावलांच्या खुणा उरल्या आहेत. डोक्यावर कोरलेली बहुतेक नावे मात्र वाचता येतात. मूर्ती गेल्या व नोंद राहिली, असा हा प्रकार आहे. लेखाच्या भिंतीही पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. ओळींमधील काही अक्षरे झडली आहेत व जी आहेत ती बोटाच्या स्पर्शानेही झिजतात. तरीही अशा जुन्या लेण्यांच्या भिंतींवर स्वतःचे नाव ओरखडणारे महाभाग निघतातच.

घाटघरच्या बाजूने आता माथ्यापर्यंत मोटार जाते. तथापि ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी वैशाखऱ्याकडून पायऱ्यांनीच चढावे. भर पावसात दगड निसरडे असतात. पाऊस सरल्यावर, धारा अजून वाहत असताना गेल्यास चढण सोपी जाते आणि लेण्यातील अक्षरेही सकाळच्या उजेडात निवांत पाहता येतात.