खोक्यातल्या बंबाचं कूळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात कापसाच्या हंगामात एखाद्या जिनिंगमधून धूर निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘बंब निघाला का?’ सरकारी कागदावर ते अग्निशमन वाहन असतं. बोलण्यात मात्र बंबच. या बंबाचा एक धाकटा भाऊबंद आहे. तो खोक्यात, सुट्या तुकड्यांत विकला जातो. कापायचा, घासायचा, जोडायचा आणि रंगवायचा. हे स्केल मॉडेलचं किट खेळण्यांच्या दुकानात दिसतं, पण त्याचं कूळ खेळण्यांच्या आधीपासूनचं आहे. त्यात तीन घराणी मिसळली आहेत: पंपाचं, खेळण्याचं आणि प्लास्टिकचं.

पंपाच्या घराण्यातला मोठा पुरुष योगायोगानं चित्रकार निघाला. ॲमस्टरडॅमचा यान व्हान डर हायडेन शहराची चित्रं काढायचा, आणि भिंतीतली वीट न वीट दिसेल इतक्या बारकाईनं काढायचा. त्यानं आपल्या भावाबरोबर १६७२च्या सुमारास चामड्याची लवचीक नळी पंपाला जोडली. त्याआधी पंप आगीच्या तोंडाशी नेऊन उभा करावा लागे. नळीमुळे पंप रस्त्यावर ठेवून पाणी घरात नेता येऊ लागलं. १६९०मध्ये त्यानं या यंत्रावर सचित्र पुस्तकही छापलं. पुढे १७२१मध्ये लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमनं पेटंट घेतलेल्या बंबावर दोन्ही बाजूंनी माणसं दांडा वरखाली करत. १८२९मध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी पंपाला वाफेचं इंजिन लावलं, आणि १९०८मध्ये गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीनं ब्रॅडफर्डला आपला पहिला मोटारबंब दिला. आजच्या किटमधली दोऱ्यासारखी नळी, गुंडाळायचं रीळ, पितळी तोटी हे सगळं या घराण्यातून आलेलं.

दुसरं घराणं खेळण्यांचं. बंब लाल, त्याला घंटा, वर शिडी. मुलांना आणखी काय हवं? अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओतीव लोखंडाचे घोडे जोडलेले बंब निघत. इंग्लंडमध्ये डिंकी टॉइज १९३४मध्ये आल्या, मॅचबॉक्स १९५३मध्ये. १९५५मध्ये मॅचबॉक्सच्या यादीत नववा नंबर डेनिसच्या शिडीवाल्या बंबाला मिळाला. पण खेळण्याला माप नसतं. मॅचबॉक्समध्ये बस काय नि बंब काय, काडेपेटीएवढ्या खोक्यात मावेल तेवढा करायचा, एवढाच हिशेब. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन गाड्या एकमेकींच्या मानानं लहानमोठ्या असतीलच, याची हमी नाही.

माप आलं ते तिसऱ्या घराण्यातून. १९३६मध्ये इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावानं विमानांची किटं निघाली. प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं, काही वर्षांत वाकणारं. पण प्रमाण ठरलेलं होतं, १/७२. इंग्रजी मापात ते सोपं: खऱ्या सहा फुटांना एक इंच, म्हणजे उंचापुरा माणूस इंचभर. युद्धानंतर पॉलिस्टिरीन आलं. ते साच्यात दाबून भरलं की खिळ्याचं डोकंसुद्धा नेमकं उठतं. निकोलस कोव्ह यांच्या एअरफिक्स कंपनीनं १९४९मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली. ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला दाखवायची वस्तू म्हणून ती होती. जोडून विकणं महाग पडे, तेव्हा सुटे भागच विकायला काढले. म्हणजे किटच्या या घराण्याला शेतातल्या यंत्राचा वारसा आहे, हे बुलढाण्याकडच्या माणसाला सांगायलाच हवं. १९५२मध्ये याच कंपनीनं ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज पिशवीत भरून स्वस्तात विकलं, आणि किट घराघरांत गेलं. पुढे १९१४च्या डेनिस बंबाचंही किट तिनं काढलं, १/३२ प्रमाणात. अशा रीतीनं तिन्ही घराणी एका खोक्यात आली.

प्रमाणांच्या मागे मात्र दर वेळी शास्त्रच असतं असं नाही. रणगाड्यांच्या किटमध्ये चालणारं १/३५ हे प्रमाण जपानच्या तामियानं १९६२च्या पँथर रणगाड्यासाठी धरलं, कारण आत मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या! गाड्यांच्या किटला १/२४ आवडतं: फुटाला अर्धा इंच. सात मीटरचा बंब १/२४ला सुमारे एकोणतीस सेंटिमीटर होतो, १/७२ला दहा सेंटिमीटरही होत नाही. पहिल्यात पंपाच्या पॅनेलवरचे प्रेशर गेज रंगवता येतात. दुसऱ्यात ते ठिपके होतात.

आता हातात घेऊ. सुटे भाग एका चौकटीला नाजूक दांड्यांनी लटकलेले असतात. ते ओढून तोडायचे नाहीत, कापायचे. उरलेली गाठ पॉलिश पेपरनं घासायची. डिंकाचं कामही निराळंच. लाकडाला फेविकॉल मधे बसून धरून ठेवतो. पॉलिस्टिरीनचा द्रव प्लास्टिकच विरघळवतो, दोन्ही काठ एकमेकांत शिरतात आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो. जास्त लावलात तर दार कायमचं विरघळून बसतं.

मग रंग. लाल रंग आवरायला सगळ्यांत अवघड, कारण त्याची झाकण्याची ताकद कमी. करड्या प्लास्टिकवर थेट मारला तर विटकरी दिसतो. म्हणून आधी पांढरा किंवा फिका गुलाबी हात, मग लालचे तीन-चार पातळ हात. पातळच का? १/२४ प्रमाणात ०.१ मिलिमीटरचा थर खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा होतो, आणि दारांच्या फटी बुजून जातात. कोणता लाल, हाही प्रश्न आहेच. जर्मन बंब फ्लेम रेड, म्हणजे ‘राल’ या जर्मन रंगयादीतला ३०००. किटचे रंग विकणाऱ्या हम्ब्रोलच्या डबीवर लालचा नंबर १९. आपल्या भारतीय मानकात, आयएस ५मध्ये, फायर रेड ५३६, सिग्नल रेड ५३७ आणि पोस्ट ऑफिस रेड ५३८, असे तिघे सख्खे शेजारी. दुकानात नुसतं ‘लाल द्या’ म्हटलं तर यातला कोणताही डब्यात येतो, आणि बंबाची पत्रपेटी होते. गॅरेजमधला ड्युको रंग मात्र प्लास्टिकला लावू नये. त्याचं थिनर पॉलिस्टिरीन खातं. साधा ऑइल पेंट टर्पेंटाइन घालून पातळ केला तर चालतो.

एवढं करून जो बंब तयार होतो, त्याच्या दारावर जर्मन भाषेत ‘फॉयरवेअर’ लिहिलेलं असतं. रेवेल, इटालेरी वगैरे युरोपातल्या कंपन्या मुख्यतः तिकडच्याच गाड्या काढतात. जर्मन बंबाच्या बाजूला शटरचे कप्पे, कप्प्यांत अवजारं. पाणी थोडकंच, एचएलएफ २० जातीच्या गाडीत किमान १,६०० लिटर. रस्त्यावर हायड्रंट आहेत, मग पाणी वाहून कशाला न्यायचं? आपल्याकडे साडेचार हजार लिटरच्या टाक्या सर्रास असतात, कारण आगीपाशी नळ असेलच याची खात्री नाही. त्यात कापसाची आग. गाठ वरून भिजते आणि आतून धुमसत राहते. ती फोडून, उपसून भिजवावी लागते. कापसाची वाहतूक सोपी व्हावी म्हणून १८७०मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा घालण्यात आला. त्या तालुक्यात बंब म्हणजे आधी टाकी. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटलं, तेव्हा त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र होता. स्फोटात ६६ अग्निशामक गेले. तो दिवस आजही देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळतात.

पण आपला बंब आणि खोक्यातला बंब अगदीच परके नाहीत. टाटांचे ट्रक १९५४मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्यानं सुरू झाले. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा होता, १९६९मध्ये करार संपल्यावर तिथं ‘टी’ आला. अशोक लेलँडच्या नावातच इंग्रज लेलँड आहे. शिवाय खरा बंबही किटसारखाच होतो. चेसिस एका कारखान्यातून येते, पंप दुसरीकडून, आणि बॉडी तिसरीकडे बांधतात. पंपाला ट्रकच्याच इंजिनाची ताकद देतात. म्हणून एखाद्या जुन्या मर्सिडीज ट्रकचं किट घेऊन, मागची बॉडी प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून आपली गाडी करता येते. किट बांधणाऱ्यांत हा रिवाज जुना आहे, आणि खऱ्या बॉडी बांधणाऱ्यांत त्याहून जुना.

त्यासाठी हवं ते माप. प्रत्येक किटची सुरुवात खऱ्या यंत्राच्या मापानंच होते, मग ते कारखान्याच्या नकाशावरून मिळो की कुणी उभं राहून टेपनं घेतलेलं असो. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात नगरपालिका गाड्या लोकांना दाखवायला बाहेर काढतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात त्या दिवसांत टेप, वही आणि मोबाइल घेऊन जावं, कर्मचाऱ्यांना विचारून टाकीची लांबी, शिडीच्या पायऱ्या, चाकांमधलं अंतर टिपून घ्यावं. सगळ्या आकड्यांना चोवीसनं भागलं की नकाशा हातात येतो. दारावर ‘फॉयरवेअर’ऐवजी ‘नगर परिषद, अग्निशमन विभाग’ लिहायला मात्र बारीक ब्रश आणि स्थिर हात लागेल. मराठी अक्षरांचे तयार स्टिकर खोक्यात मिळत नाहीत.