दोन औंसांची कुळकथा

जॉर्ज पेरी या विशीच्या उंबरठ्यावरच्या शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, माँटगोमेरी तळ्यात, एक लार्जमाउथ बास धरला. त्याचं वजन भरलं २२ पौंड ४ औंस. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, मानाबू कुरिता याने जपानच्या बिवा सरोवरात त्याच जातीचा मासा गळाला लावला. तो भरला १० किलो १२० ग्रॅम, म्हणजे २२ पौंड ४.९७ औंस. फरक जेमतेम २८ ग्रॅमचा. मासळीबाजारातली कोणतीही बाई दुसऱ्या माशाचे पैसे जास्त लावील, आणि ते बरोबरच आहे. विक्रमांची वही सांभाळणाऱ्या संस्थेने मात्र ८ जानेवारी २०१० रोजी जाहीर केलं की दोघे बरोबरीत. कारण तिच्या नियमात लिहिलं आहे: पंचवीस पौंडांखालच्या माशाचा विक्रम मोडायचा असेल, तर नवा मासा किमान दोन औंसांनी, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅमनी, जड हवा. जड मासा जिंकत नाही, असं सांगणारा हा नियम आला कुठून? या एका कलमाच्या मागे गेलं की ध्यानात येतं, ‘जगातला सर्वांत मोठा मासा’ ही मुळात निसर्गाची नोंद नव्हेच. ती विश्वासाची नोंद आहे, आणि तिचं प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या अविश्वासातून जन्मलेलं आहे.

गळ टाकणाऱ्याच्या शब्दावर जगात कोणी विश्वास ठेवत नाही. निसटलेला मासा दर खेपेला हातभर वाढतो, हे कोकणात गरी टाकणाऱ्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे या खेळाचे पहिले नियम माशासाठी नव्हे, तर माणसाच्या फुशारकीला आवर घालण्यासाठी झाले. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने ट्यूना क्लब काढला. तोवर तिथे जाड दोरीने, नुसत्या हाताने मोठमोठे मासे ओढून काढत. होल्डरने त्याच वर्षी १८३ पौंडांचा ट्यूना काठी आणि रिळावर धरला, आणि क्लबने ठरवलं की शंभर पौंडांवरचा ट्यूना हलक्या साहित्याने, कुणाच्या मदतीशिवाय आणणाऱ्यालाच बिल्ला मिळेल. मासा किती मोठा, याच्या जोडीला तो धरला कसा, हा प्रश्न इथे पहिल्यांदा ठामपणे उभा राहिला. पुढे १९१०-११ च्या सुमारास ‘फील्ड अँड स्ट्रीम’ या मासिकाने मोठ्या माशांची वार्षिक स्पर्धा सुरू केली. मासिकाला न्यूयॉर्कात बसून देशभरातले मासे बघता येणार नव्हते, म्हणून त्याने कागद मागितला: वजन, लांबी, घेर, साक्षीदार, शपथपत्र. मासा इथून पुढे अर्जाच्या रूपात प्रवास करू लागला. गोड्या पाण्यातल्या विक्रमांचा जन्म असा एका मासिकाच्या बक्षीसयोजनेत झाला आहे, ही गोष्ट त्यांच्या आजच्या सोवळ्या चेहऱ्यावरून कुणाला वाटणार नाही.

पेरीचा मासा याच कागदी युगातला. पावसाने शेत नांगरण्याजोगं नव्हतं, म्हणून तो मित्राबरोबर तळ्यावर गेला. मंदीचा काळ, घरात खाणारी तोंडं बरीच. मासा हेलेना गावात काट्यावर चढला, लांबी साडेबत्तीस इंच आणि घेर साडेअठ्ठावीस इंच अशी नोंद झाली, अर्ज मासिकाकडे गेला, आणि मासा पेरीच्या घरच्या चुलीवर. बक्षीस म्हणून त्याला ७५ डॉलरचा माल मिळाला. मासा भुसा भरून टिकवला नाही, कातडं राहिलं नाही, अनेक दशकं फोटोही नव्हता. एकविसाव्या शतकात एक जुना फोटो पुढे आला, पण त्याने शंका मिटण्याऐवजी नव्या शंकांना चारा मिळाला. आज कुणी असा अर्ज केला तर तो पहिल्याच टेबलावर अडकेल. पण त्या काळी ज्या गोष्टी मागितल्या जात होत्या त्या सगळ्या पेरीने दिल्या होत्या, आणि १९३४ मध्ये त्याने त्याच स्पर्धेत पुन्हा एक मोठा बास पाठवून बक्षीस मिळवलं होतं. म्हणजे गृहस्थाला मासे धरता येत होते एवढं तरी नक्की.

विक्रमांची ती वही सांभाळणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, तिच्या आद्याक्षरांनी आयजीएफए, ही संस्था १९३९ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत स्थापन झाली. मायकेल लर्नर हा तिचा खरा कर्ताधर्ता, आणि अर्नेस्ट हेमिंग्वे तिच्या पहिल्या पदाधिकाऱ्यांपैकी एक. आधी ती फक्त समुद्री माशांचा हिशेब ठेवी. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ने १९७८ मध्ये गोड्या पाण्यातले विक्रमही तिच्याकडे सोपवले, आणि पेरीचा बास वारसाहक्काने नव्या घरी आला. या संस्थेचे नियम जमिनीच्या थरांसारखे वाचायचे. मासा जमिनीवर तोलायचा, होडीत नाही: कारण डुलत्या होडीत काटा खोटं बोलतो. काटा गेल्या बारा महिन्यांत अधिकृतपणे तपासलेला हवा: आपल्याकडे वैध मापन खातं दुकानदाराच्या तराजूवर शिक्का मारतं, त्याच कारणासाठी. माशाला धरलेल्या झोळीचं वजन वजा करायचं. गळाजवळचा दोरा, त्याला जोडलेल्या पन्नास फुटांसह, संस्थेकडे पाठवायचा. तिथे तो ओला करून यंत्रावर तोडून बघतात. काठीला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. मासा, माणूस, काठी, काटा या सगळ्यांचे फोटो हवेत. यातल्या प्रत्येक वाक्यात एक लबाडी किंवा एक भांडण लपलेलं असल्याचा भास होतो; कोणी तरी कधी तरी तसं केलं असणार, नाहीतर मनाई कशाला?

एवढा खटाटोप कशासाठी, फोटो आणि मोजपट्टी पुरत नाही का, असं विचारता येईल. गणितज्ञांच्या थाटात लोक सूत्रंही सांगतात: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, किंवा लांबीचा वर्ग गुणिले घेर, भागिले १२००. उत्तर पौंडांत. पेरीचे आकडे पहिल्या सूत्रात घातले तर मासा ३३ पौंडांचा निघतो, दुसऱ्यात २५ पौंडांचा. कुरिताच्या माशाची शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी २७.२ इंच आणि घेर २६.७७ इंच; पहिलं सूत्र त्याला २४ पौंडांच्या वर नेतं, दुसरं साडेसोळावर आणतं. म्हणजे एकच सूत्र एका विक्रमाला फुगवतं आणि दुसऱ्याला पातळ करतं. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची की खाचेपर्यंत, इथूनच मतभेद सुरू होतात, आणि बास हा पोटाने मोठा होणारा मासा असल्यामुळे घेर मोजताना फीत किती आवळली यावर कितीतरी अवलंबून. पेरीवर शंका घेणारे हे आकडे पुढे करतात. पण त्यांच्या सूत्रांवर भरवसा ठेवला तर पेरीचा मासा नोंदीपेक्षा जडच ठरतो, हे ते सहसा सांगत नाहीत. निष्कर्ष एकच निघतो: या धंद्यात काट्याला पर्याय नाही.

आणि काट्यालाही मर्यादा आहे. इथे दोन औंसांचं कलम येतं. दिलेल्या काट्यावर दिलेल्या दिवशी किती बारीक फरक खरा मानायचा, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. आपल्या वाण्याच्या तराजूचा पासंग सगळ्यांना माहीत होता. विक्रमाच्या काट्यालाही पासंग असतो, फक्त तो लपलेला असतो. १९३२ च्या गावाकडच्या काट्याची अचूकता कुरिताच्या दशांश चिन्हापर्यंत ताणणं म्हणजे मोजपट्टीत नसलेली रेघ वाचणं. त्यामुळे जड मासा बरोबरीत ठेवणं हा अन्याय वाटला, तरी मला तो संस्थेच्या साऱ्या नियमावलीतला सर्वांत प्रामाणिक नियम वाटतो. बाकीची कलमं माणसावर अविश्वास दाखवतात. हे एकच कलम तपासून घेतलेल्या यंत्रावरही, आणि पर्यायाने संस्थेच्या स्वतःच्या ज्ञानावर.

त्या तुलनेत कुरितावर आणखी जे लादलं गेलं ते कमी पटतं. मासा धरल्याची जागा अशी होती की तिथे होडी थांबवायला मनाई, फक्त पुढे सरकत राहायचं, असं संस्थेला कळलं. मग तो थांबला होता की सरकत होता? उत्तर काटा देईना, दोरा देईना, म्हणून त्याला खोटं पकडण्याच्या यंत्रासमोर, म्हणजे पॉलिग्राफसमोर, बसवलं. तो उत्तीर्ण झाला. पण पॉलिग्राफ घाम आणि नाडी मोजतो, होडीचा वेग नाही. पुढे २०१० च्या मे महिन्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात ठरवलं की संशयिताला अशा चाचणीची सक्ती करता येणार नाही. कुरिताने संमती दिली होती, हे खरं. पण नकार दिला तर विक्रम जाईल, अशा संमतीत सक्ती किती आणि खुशी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय नाडीच्या आलेखाने पेरीची परीक्षा कधीच झाली नाही, आणि होणारही नाही: तो १९७४ मध्ये विमान अपघातात गेला.

शपथपत्रही नेहमी तारत नाही, कधीकधी बुडवतं. डेव्हिड हेज याने १९५५ मध्ये डेल हॉलो सरोवरात धरलेला ११ पौंड १५ औंसांचा स्मॉलमाउथ बास चाळीस वर्षं विक्रम होता. मग धक्क्यावरच्या एका कामगाराचं त्याच वर्षीचं शपथपत्र सरोवराच्या सरकारी कागदांत सापडलं: मी त्या माशाच्या पोटात तीन पौंड धातू घातला होता. १९९६ मध्ये विक्रम काढून घेतला, आणि मोजमापं व साक्षी पुन्हा चाळून २००५ मध्ये परत दिला. मस्की या माशाबाबत तर अजून दोन गाद्या आहेत. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावचं फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेम १९४९ चा ६९ पौंड ११ औंसांचा मासा मानतं. आयजीएफए त्याच वर्षीचा ६७ पौंड ८ औंसांचा दुसरा मासा मानते. मासे एकाच परिसरातले, वर्ष एकच, जागतिक विक्रम दोन. यावरून कोणी म्हणेल की मग सगळंच थोतांड आहे. तसं नाही. दोन न्यायालयांचे निकाल वेगळे आले म्हणून पुरावा नावाची गोष्ट नाहीशी होत नाही. फक्त कुणी किती पुरावा पुरेसा मानला ते उघड होतं.

आणि पुरावा भरपूर असूनही मासा विक्रम न होण्याचं उदाहरण आहेच. कॅलिफोर्नियातल्या डिक्सन सरोवरात २० मार्च २००६ रोजी बासची एक मादी हाती धरायच्या डिजिटल काट्यावर २५ पौंड १ औंस भरली. पेरीपेक्षा पावणेतीन पौंडांहून जास्त. व्हिडिओ आहे, फोटो आहेत, साक्षीदार आहेत. पण गळ तोंडात नव्हे, पाठीच्या पंखाजवळ रुतला होता, काटा तपासलेला नव्हता. धरणाऱ्याने तिला पाण्यात सोडलं आणि अर्ज केला नाही. कल्ल्याजवळच्या काळ्या ठिपक्यावरून ओळखली जाणारी ही मादी २००८ च्या मे महिन्यात मेलेली सापडली तेव्हा तिचं वजन १९ पौंड होतं. अंड्यांनी भरलेली मादी आणि नंतरची मादी यांत इतकं अंतर पडू शकतं. आपण ज्याला मासा म्हणतो तो विक्रमाच्या दृष्टीने एक क्षण असतो, आणि त्या क्षणी काटा कोणाचा होता हे माशाइतकंच महत्त्वाचं.

बिवा सरोवरातल्या विक्रमाला आणखी एक वळसा आहे. लार्जमाउथ बास जपानचा नव्हेच. तो १९२५ साली अमेरिकेतून नेला गेला. आज तो तिथे उपद्रवी परका गणला जातो, आणि बिवाच्या शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला २००३ पासून मनाई आहे. कुरिताने आमिष म्हणून लावलेला ब्लूगिल मासाही परकाच: युवराज असताना अकिहितो यांनी तो १९६० मध्ये शिकागोहून आणला होता, आणि सम्राट म्हणून २००७ मध्ये बिवाकाठच्या ओत्सू शहरात त्याबद्दल खेद व्यक्त केला होता. ज्या सरोवरात या माशाचं असणंच गुन्ह्यासारखं, तिथे त्याने अमेरिकेतल्या एका जुन्या मानाशी बरोबरी केली.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप: आजच्या नियमांत न बसणारा पेरीचा विक्रम वहीत का? उत्तर रुचणारं नाही, पण सुटसुटीत आहे. नियम मागे लागू करायला लागलो तर कोणताच जुना विक्रम टिकणार नाही, कारण ज्या यंत्रांनी तो तपासायचा ती तेव्हा नव्हती. त्यामुळे संस्था जुन्याला जुन्याच्या मापाने आणि नव्याला नव्याच्या मापाने तोलते. त्याची किंमत मात्र तिने स्वतःच्याच कलमात बांधून ठेवली आहे. बरोबरीतल्या दोघांनंतर तिसरा दावेदार आला, तर त्याची तुलना कुरिताच्या तपासलेल्या काट्याशी होत नाही; नियमाप्रमाणे ती मूळ विक्रमाशीच होते. उद्या टेक्सासात, मेक्सिकोत किंवा जपानात कुणी बास धरला, तर त्याला २२ पौंड ६ औंस भरावं लागेल, आणि ते दोन औंस मोजले जातील हेलेना गावच्या एका जुन्या काट्यापासून, ज्यावर चढलेला मासा पेरीच्या घरच्यांनी कधीच खाऊन संपवला.