आक्षीची शिळा वाचता येते, १९९८चे संकेतस्थळ का नाही?

अलिबागच्या दक्षिणेस, समुद्रालगतच्या आक्षी गावात एक शिलालेख आहे. त्यावरील काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला. या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही आद्य मराठी लेखांच्या चर्चेत या शिळेला वगळता येत नाही. राजाचे नाव, दिलेले दान आणि ते मोडणाऱ्यास शाप, एवढाच मजकूर. खाऱ्या वाऱ्यात शतके काढूनही तो आज वाचता येतो.

आता १९९८च्या सुमाराचे, जपून ठेवलेले एखादे मराठी संकेतस्थळ उघडून पाहा. रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि चौकोन यांची खिचडी दिसण्याचाच संभव अधिक. मजकूर शाबूत असतो, हरवलेली असते ती वाचण्याची किल्ली.

कारण असे, की संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये जागा जेमतेम २५६. पुण्याच्या मॉड्युलरचे श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशा प्रत्येक प्रणालीने त्या जागांत काने, मात्रा, जोडाक्षरे आपापल्या परीने बसवली. छपाईला याने काही बिघडत नव्हते. कागदावर उमटलेला ‘क’ आपला क्रमांक सांगत नाही. पण तोच मजकूर महाजालावर चढला, आणि वाचकाकडेही तोच फॉन्ट असणे भाग पडले. म्हणून पानापानावर ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी विनंती असे. १९९७मध्ये पानासोबत आपोआप येणारे फॉन्ट निघाले, परंतु ते विशिष्ट ब्राउझरांशी बांधलेले होते. ते ब्राउझर गेले, किल्लीही गेली.

आणि प्रमाण संकेत नव्हता असेही नाही! भारताचा इस्की संकेत १९८८चा, भारतीय मानक म्हणून १९९१चा. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. उणीव होती ती संकेताप्रमाणे जोडाक्षरे घडवणाऱ्या प्रणालीची. सर्वसामान्य वापरात ती विंडोज २००० बरोबर आली. तिच्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. तोवर थांबणे व्यावसायिकांना परवडणारे नव्हते, त्यामुळे सगळा दोष त्या फॉन्टकारांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

पुढे चक्र वेगाने फिरले. ब्लॉगर १९९९चे, वर्डप्रेस २००३चे. युनिकोडची जोड मिळताच या साधनांवर प्रोग्रामिंग न जाणणारा मनुष्यही मराठीत लिहू लागला. मराठी विकिपीडियाही २००३चाच.

किनाऱ्यावरच्यांसाठी एक गंमत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातला पापणीसारखा र मराठीला अत्यावश्यक. युनिकोडमध्ये तो नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात. तो चुकला की दऱ्यांत पाणी भरते.

जुनी पाने परत वाचता येतात. त्यासाठी त्या फॉन्टचा क्रमांकतक्ता हवा, मग प्रत्येक क्रमांकाच्या जागी युनिकोड अक्षर बसवून मजकूर उलगडतो. घरातल्या जुन्या सीडीवर अशी फाइल सापडली, तर इतर काही करण्याआधी फॉन्टचे नाव टिपून ठेवा आणि फॉन्टची फाइलही जपा.