भागांची वर्गवारी : १८६५ सालचा एक धडा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या सुरतेतील एका शेजाऱ्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. गृहस्थ मूळचे खानदेशातले. तीस वर्षांपूर्वी येथील कापडबाजारात नोकरीस आले आणि येथलेच झाले. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी साठविलेली रक्कम त्यांनी शेअरबाजारात गुंतविली होती. कागदावर चार कंपन्यांची नावे होती. पहिली एक बँक, दुसरी घरांसाठी कर्जे देणारी, तिसरी घरे बांधून विकणारी आणि चौथी मोटारींसाठी कर्जे देणारी. "सर, सगळे पैसे एका ठिकाणी ठेवलेले नाहीत. चार निरनिराळे धंदे आहेत," असे ते समाधानाने म्हणाले. मी इतिहास शिकविणारा माणूस. बाजारातले मला बेताचेच कळते. परंतु तो कागद वाचताना मला १८६५ साल आठवले. ते का आठवले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम, भागांची वर्गवारी म्हणजे काय ते पाहू. बाजारात हजारो कंपन्यांच्या भागांची खरेदी-विक्री चालते, आणि त्या प्रत्येकीचा स्वतंत्र विचार करणे कोणासही शक्य नाही. म्हणून वाणी जशी डाळींची पोती एका बाजूस आणि तेलाचे डबे दुसऱ्या बाजूस मांडतो, तशी कंपन्यांची मांडणी त्यांच्या धंद्यावरून केली जाते. बँका एका वर्गात, औषधांचे कारखाने दुसऱ्यात, पोलाद तिसऱ्यात. नियम साधा आहे. कंपनीचे मुख्य उत्पन्न ज्या धंद्यातून येते, त्या वर्गात तिचे नाव घालावयाचे. एका वर्गातील कंपन्यांना सुगी आणि टंचाई बहुधा बरोबरच भोगावी लागते. म्हणून शहाणा माणूस आपला पैसा अनेक वर्गांत विभागून ठेवतो. माझ्या शेजाऱ्यांना हे तत्त्व ठाऊक होते. अडचण होती ती पुढेच.

वर्गाचे नाव एक आणि आतील वस्तू दुसरी, असे कसे होते याचे उदाहरण आमच्या शहराच्या नावातच आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानातील आखूड धाग्याच्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत. कापूस भडोचचा असो, धोलेऱ्याचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा असो, विलायतेत तो 'सुरत' होई. त्या मालात कचरा आणि भेसळ फार, अशी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची तक्रार असे. पुढे 'सुरत' हा शब्दच तिकडे हलक्या मालाचा वाचक झाला. इतका की, आपल्या मालाला कोणी 'सुरत' म्हटले म्हणून १८६३ साली तेथील बिअर तयार करणाऱ्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली.

परंतु याच कापसाने पुढील इतिहास घडविला. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मग ज्याला नावे ठेविली त्याच 'सुरत'ची मनधरणी सुरू झाली. भाव कित्येक पटींनी चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. हा पैसा कोठे घालावा, या विवंचनेतून नव्या कंपन्या निघू लागल्या. त्या खटाटोपाचे अग्रणी होते प्रेमचंद रायचंद. सुरतेत १८३१ साली जन्मलेले हे गृहस्थ लहानपणीच मुंबईस गेले आणि तिशीच्या आसपास मुंबईच्या शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे झाले.

१८६४ च्या अखेरीस मुंबईत कोणकोणत्या कंपन्या होत्या, याची मोजदाद उपलब्ध आहे. ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, कापसाच्या गाठी दाबणाऱ्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या, आणि शिवाय ६२ इतर कंपन्या. केवढी व्यवस्थित वर्गवारी! त्या वेळच्या एखाद्या सावध गृहस्थाने बँकेचा एक भाग, जमिनीचा एक, जहाजाचा एक आणि विम्याचा एक असे घेतले असते, तर त्यालाही माझ्या शेजाऱ्यांप्रमाणेच समाधान वाटले असते.

आता या वर्गांच्या मुळाशी काय होते ते पाहा. प्रेस कंपनी कापूस दाबी, जहाज कंपनी तो वाहून नेई, विमा कंपनी त्याची हमी घेई. जमीन कंपन्या समुद्रात भर घालून वखारींना, धक्क्यांना आणि रेल्वेला जागा करू पाहत होत्या. वित्तसंस्था जमीन कंपन्यांचे भाग घेऊन बसल्या होत्या, आणि बँका तेच भाग तारण ठेवून आणखी भाग घेण्यासाठी कर्जे देत होत्या. ज्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचेही भांडवल होते, तिलासुद्धा १८६३ च्या कायद्याने अशा तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या तर नावातच दोन वर्ग एकत्र नांदत होते. सारांश, पाट्या सहा होत्या. परंतु घर एकच होते आणि ते कापसाच्या भावावर उभे होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली याने शरणागती पत्करली. युद्ध संपले, ही वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळला. मग एकही वर्ग वाचला नाही. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला होता. तो मातीमोल झाला. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या भागास २,८५० रुपये आले होते, तो ८७ रुपयांस विकण्याची पाळी आली. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस; त्या दिवशी कोणी कोणाचे देणे देऊ शकेना. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. खुद्द प्रेमचंदशेठ बुडाले. मात्र त्यांनी १८६४ साली विद्यापीठास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईत वेळ दाखवीत आहे.

तेव्हापासून वर्गवारीचे शास्त्र बरेच सुधारले आहे. १९९९ साली जगभरच्या कंपन्यांसाठी एक समान पद्धती आखली गेली. तिच्यात आरंभी दहा वर्ग होते, आणि जमीनजुमल्याच्या कंपन्या वित्तसंस्थांच्याच वर्गात होत्या. २०१६ साली त्यांना वेगळे काढून अकरावा वर्ग केला. आपल्या देशातील पद्धतीत चार पायऱ्या आहेत. सर्वांत वर बारा व्यापक क्षेत्रे, आणि खाली उतरत गेल्यास १९७ मूलभूत उद्योग. हे उपयुक्त काम आहे यात शंका नाही. तरीही कंपनी काय विकते हे वर्ग सांगतो. ती कशावर जगते हे तो पूर्णपणे सांगू शकत नाही.

सुरतेचेच पाहा ना. येथे दोन मोठे धंदे, कापडाचा आणि हिऱ्यांचा. एकात यंत्रमागांचा खडखडाट, दुसऱ्यात घंटीवर वाकून हिरे घासणारे कारागीर. दोहोंत साम्य ते कोणते? परंतु आपल्या वर्गवारीत साड्यांची कंपनी आणि दागिन्यांची कंपनी एकाच व्यापक क्षेत्रात बसतात. कारण दोन्ही वस्तू लोक हात मोकळा असेल तेव्हा घेतात. हे ऐकून नवल वाटेल, पण २००८ च्या जागतिक मंदीत अमेरिकेचे गिऱ्हाईक आटले आणि येथील हजारो रत्नकलाकार घरी बसले, त्यांना ते पटेल. याच्या उलट, साडीचे पॉलिएस्टर सूत खनिज तेलापासून बनते. ते सूत करणारी कंपनी तेलाच्या वर्गात असेल आणि विणणारी कापडाच्या; पण तेल महागले की दोघींच्या हिशेबास त्याची झळ लागते. वर्ग निराळे, नाळ एकच.

तेव्हा माझ्यासारख्या सामान्य माणसाने वर्गवारी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. तिच्यापासून आरंभ करावा, आणि मग प्रत्येक कंपनीस आणखी दोन प्रश्न विचारावेत. हिचे गिऱ्हाईक कोण? आणि कोणती एक गोष्ट बिघडली असता हिचा धंदा बसेल? ज्यांची उत्तरे सारखी येतील, त्या कंपन्या आपल्या वहीत एकाच ओळीत लिहाव्यात, मग बाजार त्यांना कोणत्याही वर्गात घालो.

हेच दोन प्रश्न त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्या कागदास विचारले. चारही कंपन्यांपुढे एकच उत्तर आले : व्याजाचे दर चढले आणि कर्जे थकली की चौघींना धाप लागणार. शेजारी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "म्हणजे सर, मी एकच भाग चार वेळा घेतला."

१८६५ सालच्या त्या मुंबईकरांना हे वाक्य जुलैत सुचले. माझ्या शेजाऱ्यांना ते वेळेवर सुचले, आणि मुलीची फी भरावयास अजून दोन वर्षे अवकाश आहे.