संत्र्याच्या पानामागील शत्रु

नागपूर आणि संत्रें यांची सांगड महाराष्ट्रांतील प्रत्येक घरास ठाऊक आहे. परंतु हें फळ या भूमींतील मूळचें नव्हे. अठराव्या शतकांत रघूजी भोसले यांनीं त्याचीं रोपें त्या काळच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, आणविलीं असें सांगतात. आरंभीं तें परसबागेंतील हौसेचें झाड होतें. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली, दूरचा बाजार जवळ आला, आणि पुढें काटोल, कळमेश्वर, नरखेड, सावनेर, तसेंच अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी व वरूड या भागांत बागेस बाग लागत गेली. परसांतील एकट्यादुकट्या झाडावर कीड आली तर तिची मजल तेथेंच संपते. कोसच्या कोस एकाच जातीचीं झाडें उभीं राहिलीं म्हणजे तिच्यासाठीं बारमाही पंगत मांडल्यासारखें होतें.

संत्र्याच्या कीटकशत्रूंचा इतिहास हा मुख्यतः ओळखीचा इतिहास आहे. बागाइतदाराच्या नजरेस पडतो तो परिणाम; त्याचा कर्ता बहुधा दुसरीकडेच असतो. कधीं तो पानाच्या पाठीमागें दडतो, कधीं रात्रीं येऊन पहाटेपूर्वीं निघून जातो, कधीं कुंपणावरील वेलीवर वाढतो, तर कधीं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीं. ओळख चुकली कीं उपाय चुकतो. आणि चुकलेल्या उपायाची किंमत येथें एका हंगामावर भागत नाहीं. पांच-सहा वर्षें पोटच्या पोरासारखें जोपासलेलें झाड ऐन फळावर येतांना हातचें जातें.

विदर्भांत सर्वांत मोठी धास्ती आहे ती 'कोळशी'ची. नांवच बोलकें आहे. पानें, फांद्या आणि फळें कोळशाची पूड उधळल्यासारखीं काळवंडतात. पानास सूर्यप्रकाश मिळेनासा होतो, झाडाचें पोषण खुंटतें, बहार कमी धरतो आणि फळ बेचव होतें. परंतु हा काळा थर म्हणजे एक बुरशी असून ती पानाच्या आंत शिरत नाहीं. बोटानें घासली तर पुसली जाते. ती पोसते गोड, चिकट रसावर, आणि तो रस ठिबकतो वरच्या पानांच्या पाठीमागून. तें वरचें पान उलटून पाहिलें म्हणजे खरा अपराधी हातीं लागतो. काळे, चकचकीत, काटेरी, लंबगोल आणि कडेला पांढऱ्या मेणाची किनार असलेले ठिपके पानास चिकटून बसलेले दिसतात. तीं काळ्या माशीचीं पिलें होत. नांवांत माशी असली तरी ही खरी माशी नव्हे. मावा आणि तुडतुडे यांच्या गोत्रांतील तो रस शोषणारा एक चिमुकला कीटक आहे. मादी कोंवळ्या पानामागें अंडीं घालते तीं चकलीच्या वेढ्यासारखीं गोल फिरत जाणाऱ्या ओळींत. ही खूण एकदां पाहिली कीं पुन्हां चुकत नाहीं.

या काळ्या माशीचें शास्त्रीय नांव पडलें त्यामागें एक चमत्कारिक हकीकत आहे. १९१० सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें रसेल वोग्लम या कीटकशास्त्रज्ञास पूर्वेकडे धाडलें. फ्लॉरिडांतील बागांना पांढरी माशी सतावीत होती, आणि तिचा नैसर्गिक शत्रु तिच्या मायदेशीं मिळेल अशी अटकळ होती. लाहोर येथें वोग्लम यांना तो मिळालाही: पांढऱ्या माशीच्या पिलांच्या अंगांत आपलीं अंडीं घालणारा, गांधीलमाशीच्या कुळांतील टांचणीच्या डोक्याहूनही लहान असा कीटक. मोठ्या खटाटोपानें तो जिवंत फ्लॉरिडास पोंचला, पण भर हिंवाळ्यांत. अंडीं घालण्याजोगीं पिलें त्या वेळीं झाडांवर नव्हतीं, आणि सारा उपक्रम वायां गेला. पुढें १९१३ सालीं जमैका बेटांत आशियांतून आलेली काळी माशी प्रथम आढळली. १९१५ सालीं ॲशबी यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि तिला वोग्लम यांचें नांव दिलें. मित्रकीटक शोधावयास निघालेल्या माणसाचें नांव अशा रीतीनें एका शत्रुकीटकास चिकटलें!

वोग्लम यांची कल्पना मात्र खरी होती. काळी माशी १९३५ सालीं मेक्सिकोंत शिरली आणि तेथील बागा काळ्या पडूं लागल्या. तेव्हां १९४९-५० च्या सुमारास भारत व पाकिस्तान या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या दोन देशांतून तिचे परोपजीवी शत्रु मेक्सिकोस नेण्यांत आले, आणि थोड्याच वर्षांत तिचा जोर ओसरला. १९७६ सालीं फ्लॉरिडांत तिचा उपद्रव झाला तेव्हांही याच मित्रकीटकांनीं काम केलें. आपल्या बागांत असे मित्र मुळांतच नांदतात. त्यांच्या जोडीला काळ्या माशीचीं पिलें फस्त करणारे ढालकिडे आणि जाळीदार पंखांचे हिरवे कीटकही आहेत. पण शत्रु न ओळखतां सरसकट विषारी औषध फवारलें तर आधीं मरतात ते हे मित्र.

दुसरा शत्रु सायला. १९०८ सालीं कुवायामा यांनीं फॉर्मोसा, म्हणजे तैवान, येथील नमुन्यांवरून त्याचें वर्णन केलें. हा तपकिरी कीटक पानावर बसतो तो डोकें खालीं आणि शेपटाकडील भाग वर उचलून. जणुं पानांत खिळा तिरपा ठोकला आहे. त्याचीं चपटीं, पिवळसर पिलें नव्या पालवीच्या बेचक्यांत दाटीनें बसतात. पालवी वांकडीतिकडी होते, गळते आणि शेंडे वाळतात. लायलपूर येथील अफझल हुसेन व दीनानाथ यांनीं १९२७ सालीं त्याच्यावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. तेव्हां तो केवळ रस शोषणारा म्हणून ठाऊक होता. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९६७ सालीं, कपूर, राव व विश्वनाथ यांनीं दाखवून दिलें कीं 'ग्रीनिंग' या असाध्य रोगाचा प्रसार भारतांत हाच कीटक करतो. आणखी तीन वर्षांनीं त्या रोगाचे जंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत प्रथम दिसले. म्हणजे ज्याला चोर समजत होते तो मारेकऱ्याचा वाहक निघाला. फ्लॉरिडांत सायला १९९८ सालीं पोंचला, सात वर्षांनीं रोग उघडकीस आला, आणि तेथील संत्र्याचा धंदा पार खचला. विदर्भांतील बागाइतदारानें रोपें घेतांना तीं निरोगी झाडाच्या कलमाचीं आहेत कीं नाहींत हें पाहावें, असा आग्रह धरला जातो तो याचसाठीं.

कांहीं शत्रूंचा बोभाटाच अधिक. पानावर चंदेरी नागमोडी रेघ उमटली कीं ती नागअळीची समजावी. स्टेन्टन यांनीं १८५६ सालीं कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचें वर्णन केलें. लिंबावरील फुलपाखराचा सुरवंट लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, आणि मोठेपणीं पानासारखा हिरवागार होतो. डिवचला तर डोक्यामागून दोन तांबूस शिंगें काढून उग्र वास सोडतो. रोपवाटिकेंतील कोंवळ्या रोपांस हे दोघे जड जातात. पण भरल्या झाडास चार पानांचें नुकसान सहज सोसतें.

रात्रीं येणाऱ्यांची ओळख त्यांनीं मागें ठेवलेल्या खुणांवरून पटते. खोडावर रेशमी जाळ्यांत भुसा गुंतून त्याच्या पट्ट्या लोंबत असतील, तर फांदीच्या बेचक्यांतील छिद्रांत साल खाणारी अळी दिवसभर झोंपलेली आहे असें समजावें. जुन्या व दुर्लक्षित बागा हें तिचें माहेर. तारेनें छिद्र साफ करून रॉकेलचा बोळा घालणें व वरून चिखल लिंपणें हा जुना उपाय तिच्यावर आजही चालतो. पिकत्या फळास टांचणीएवढें भोंक पडून भोंवतालची साल सडूं लागली, तर तें काम रसशोषक पतंगाचें. त्याचे सुरवंट संत्र्यावर वाढतच नाहींत. ते वाढतात गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या रानवेलींवर. म्हणून फळाचें रक्षण कुंपणापासून सुरू होतें.

राहिला कोळी. हा कीटकही नव्हे. कीटकास सहा पाय, यास आठ. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत पानाचा वरचा भाग धुरळा बसल्यासारखा फिका व निस्तेज दिसूं लागला, तर पान पांढऱ्या कागदावर झटकावें आणि भिंग धरावें. ठिपके चालूं लागले, कीं शंका उरत नाहीं. कीटकांवरील कित्येक औषधांना तो दाद देत नाहीं. उलट त्याला खाणारे मेल्यानें अधिकच फोफावतो. गंधकाचा उपयोग होतो, परंतु कडक उन्हांत तो पानें भाजून काढतो.

१९०६ सालीं नागपुरास कृषि महाविद्यालय निघालें. १९८५ सालीं लिंबूवर्गीय फळांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र येथेंच स्थापन झालें. २०१४ सालीं नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही लाभलें. शास्त्राची मदत आतां दाराशीं आहे. तरीही रोगाची पहिली ओळख प्रयोगशाळेंत होत नाहीं. ती बागेंत होते. आणि तिला लागतें काय? आठवड्यांतून एक फेरी, खिशांत एक भिंग, आणि औषधाच्या पंपास हात घालण्यापूर्वीं पान उलटून पाहण्याइतका धीर.